खिडकी : आयताकृती

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळे त्यांना कानसेन म्हणत, पण गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एकदा कुणी आग्रहाने त्यांना मैफिलीला नेलं, तर गृहस्थ दीड तास छताकडे बघत बसले आणि निघताना दरवानाला सांगून आले, "डावीकडचा तिसरा पंखा आहे ना, त्याचं बेअरिंग महिनाभरात बसणार." एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. बरोबर महिन्याने ते तो पंखा बसला की नाही हे बघायला पुन्हा गेले. पंखा बसला होता. दरवान त्या दिवसापासून त्यांना सलाम करायचा.

त्यांचं खरं पद फिटर. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. सकाळी आठ वाजता दोन्ही इमारतींतल्या अकरा पंपांची फेरी, हातात लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची, दुसऱ्या कानात बोट घालायचं आणि डोळे मिटायचे. नव्या माणसाला वाटे, काका मोटरला टेकून झोपले. मग काका डोळे उघडत आणि म्हणत, "सातला तेल कमी आहे," आणि सातला तेल कमी निघे.

हे ऐकणं त्यांना आत्याने शिकवलं होतं. आईवडिलांमागे आत्यानेच त्यांना वाढवलं. ती चिनीमातीच्या भांड्यांच्या गोदामात कामाला होती. पेंढ्यात बांधून आलेले कप एकेक करून बाहेर काढायचे, कानाला धरून बोटावर लटकवायचे, छोट्या काडीने वाजवायचे आणि तडा गेलेला बाजूला ठेवायचा, हे तिचं काम. दिवसाला दोन हजार कप. तडा डोळ्यांना दिसत नसे, तो तिला ऐकू यायचा. भाच्याच्या हाती कप दिला तेव्हा त्याने तो वाजवला आणि लगेच मुठीत धरून गप्प केला. आत्याने त्याच्या हातावर काडी मारली. "मध्येच हात लावलास तर तुझ्या हाताचा आवाज ऐकशील, कपाचा नाही. त्याचा त्याला संपू दे." हे वाक्य कानसेनांच्या डोक्यात कायमचं बसलं. ते पुढे एवढं उपयोगी पडेल असं मात्र ना आत्याला वाटलं होतं ना त्यांना.

तर गोष्ट सुरू होते ती नव्या इमारतीतल्या तीन नंबरच्या मोटरपासून. अर्ध्या शहराचं पाणी हीच मोटर वर चढवायची. एका सकाळी कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मोटरचा नेहमीचा भरीव हुंकार होताच, पण तो एकसारखा नव्हता. कुणीतरी आतून बारीक धक्के देत असल्यासारखा तो फुगत होता, ओसरत होता. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ऐंशी.

त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "ऐक बरं, ठोका येतो का?"

तो म्हणाला, "काका, मोटर आहे. आवाज करणारच," आणि कानातले बोळे घट्ट करून निघून गेला.

आता पंपघरात कानाशिवाय आणखी एक साधन होतं. तीन वर्षांपूर्वी कंपनं मोजायचं एक यंत्र आलं होतं, डब्याएवढं, म्हणून सगळे त्याला डबी म्हणत. तिच्या वायरीच्या टोकाला चुंबक. तो मोटरला चिकटवला की डबी आठ सेकंद कंपनं मोजायची, सेकंदाला अडीच हजारांवर वेळा, आणि मग त्या वीस हजार आकड्यांचा हिशेब करून पडद्यावर एक आलेख काढायची. आलेखात प्रत्येक सुराला त्याच्या जागेवर एक रेघ. जोरकस सूर असेल तर उंच रेघ, बारीक असेल तर बुटकी. म्हणजे कानसेन जे डोळे मिटून करायचे तेच डबी डोळ्यांना दाखवायची. पहिल्या दिवसापासून कानसेनांचा तिच्यावर जीव. लोकांना वाटलं होतं, म्हातारा डबीला सवत मानेल. यांनी उलट तिच्यासाठी बायकोकडून कापडी पिशवी शिवून घेतली.

त्यांनी डबी तीन नंबरला लावली. पडद्यावर मोटरच्या फेऱ्यांची एक उंच रेघ आली, सेकंदाला पंचवीसच्या जरा अलीकडे. तिच्या दोन्ही बाजूंना पायथा पसरलेला, बाकी काही नाही. ठोक्याचं नावनिशाण नाही. त्यांनी पुन्हा लावली. तेच. चार दिवस तेच.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी आली. कानसेनांना एका कोंदट खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. ते बसून राहिले. बाहेर आले तेव्हा कानाचे डॉक्टर कागद बघत होते.

"काका, वरच्या पट्टीतले आवाज तुम्हाला येतच नाहीत. मोटरींमध्ये एवढी वर्षं काढल्यावर हे व्हायचंच."

"वरच्या पट्टीचं आमच्याकडे काम नसतं," कानसेन म्हणाले. "खालच्या पट्टीत मला एक ठोका येतोय, त्याचं सांगा." आणि भाबडेपणाने सगळं सांगून बसले.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. घड्याळात बघितलं. "तुमचा ठोका मिनिटाला ऐंशी म्हणालात ना? तुमची नाडी अठ्ठ्याहत्तर आहे. हा आवाज घरीही येतो का?"

कानसेन खोटं बोलणारे नव्हते. "कधीतरी. उशीवर डोकं टेकलं की. मला वाटलं, दिवसभर ऐकलेलं कानात घोळतंय."

"स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकताय तुम्ही," डॉक्टर मायेने म्हणाले. "वयाने होतं असं. घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांच्या बाजूने होतं. कानसेनांच्या बाजूने बघितलं तर पायाखालची जमीनच सरकली होती. हलक्या कानाचे ते कधीच नव्हते, पण आता त्यांचे कान जड झाल्याचा कागद तयार झाला. तो कागद कार्यालयात गेला आणि आठवड्यात पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून श्रवण-फेरी बंद. यंत्राच्या नोंदी पुरेशा आहेत. संबंधित कर्मचाऱ्याने चावीघरात रुजू व्हावं. चावीघर म्हणजे फाटकाजवळची एक खोली, जिथे दिवसभर लोकांना किल्ल्या द्यायच्या आणि परत घ्यायच्या. तिथे ऐकण्यासारखं एवढंच, की किल्ल्या खुळखुळतात.

पत्राचं त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्याहून मोठा किडा डोक्यात वळवळत होता. ठोका मोटरमध्ये आहे की माझ्यात? हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणं शक्य नव्हतं. त्यांना चावीघरात बसवलं असतं तरी चाललं असतं, पण हे न कळता नव्हतं चालणार.

घरी बायको लोकांचे कपडे उसवून पुन्हा मापाचे करून द्यायची. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. कानसेनांनी तिच्यापुढे मनगट धरलं. "अगं, मोज जरा."

"कंबर की छाती?"

"नाडी. मिनिटभर."

तिने टाचण्या काढल्या, घड्याळ बघत मोजलं. "सत्त्याहत्तर. का, कुणावर जीव जडला?"

"तीन नंबरवर," कानसेन म्हणाले.

"ती मेली पहिल्यापासून आवडायची तुम्हाला." पण मग त्यांचा चेहरा बघून तिने मशीन बंद केलं आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, सोपं आहे की. पळा. पळाल्यावर तुमची नाडी वाढेल. मोटरची कशाला वाढतेय?"

कानसेन बायकोकडे बघतच राहिले. चौतीस वर्षांच्या अनुभवाला जे सुचलं नव्हतं, ते तिने उभ्या उभ्या काढून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंपघरातल्या लोकांनी एक अजब देखावा बघितला. अठ्ठावन्न वर्षांचे कानसेन बेचाळीस पायऱ्यांचा लोखंडी जिना धडधड चढून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. तीन खेपा. मग धापा टाकत तीन नंबरपाशी आले, मनगटावर बोटं ठेवली, स्क्रूड्रायव्हर टेकवला. नाडी एकशे दहा. ठोका मोजला. ऐंशी.

त्यांना नाचावंसं वाटलं, पण दम नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यांनी वहीत लिहिली नाही. ऐंशीच्या त्या संथ ठोक्यावर आणखी काहीतरी होतं, भरभर, पुसट, फडफडणारं. धाप लागली की असं होतंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि त्याकडे कानाडोळा केला. चौतीस वर्षांत ऐकलेली गोष्ट न लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांना ऐंशी हवे होते, ऐंशी मिळाले, बास.

मुख्य कचेरीतून नवीन इंजिनीअरबाई आल्या त्या महिन्याच्या वीस तारखेला. वय तिशीच्या थोडं पुढे, पायात जाड बूट, आणि एकही वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय न संपवण्याची खोड. कानसेनांना त्या लगेच आवडल्या. त्यांनी जिन्याचा प्रयोग सांगितला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावून बघितला.

"मला नुसती घरघर येतेय, काका. तुम्हाला यात काय काय ऐकू येतं?"

"आत्ता? पंखा, दोन बेअरिंगं, पाणी आणि तो ठोका."

"जिना चढून बघितलंत हे छानच. पण कार्यालयाला हे कसं सांगू? फिटरच्या नाडीवरून मोटर उघडा म्हणू? डबीत काही दिसायला हवं ना?" त्या डबीतले जुने आलेख चाळू लागल्या. तीन वर्षांचे, अकरा पंपांचे. चाळता चाळता त्यांचा अंगठा थांबला. मग मागे गेला. मग पुढे.

"काका, जुन्या इमारतीतले आलेख बघा. रेघा कशा सुटसुटीत, काठीसारख्या. आणि नव्या इमारतीतले? प्रत्येक रेघेला हा पायथा. मोटरी एकाच कंपनीच्या, डबी एकच, मोजणारे तुम्ही एकटे. मग असं का?"

"ते आम्हाला माहीत आहे," कानसेन म्हणाले. "डबीला जुनी इमारत मानवते."

हे ते चेष्टेने म्हणाले नव्हते. पंपघरात सगळ्यांचं हेच मत होतं. जुन्या इमारतीतले दोष डबी हटकून पकडायची, नव्या इमारतीत तिला काही सापडायचं नाही. कुणी म्हणे जुन्या भिंती जाड आहेत, कुणी म्हणे नव्या फरशीचा दोष.

"मानवते?" बाई म्हणाल्या. "तुम्ही डबी लावता कशी, ते सगळं माझ्यासमोर करून दाखवाल?"

कानसेनांनी पिशवीतून डबी काढली. चुंबक चिकटवला. बटणं दाबत गेले. पडद्यावर एकेक प्रश्न आला. पंप क्रमांक? तीन. नोंद किती सेकंद? आठ. मग पडद्यावर आलं, "खिडकी?" आणि खाली तीन पर्याय. आयताकृती, घंटाकृती, सपाट माथा.

कानसेनांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं. तिथे गज लावलेली भलीमोठी चौकटीची खिडकी होती. त्यांनी आत्मविश्वासाने "आयताकृती" दाबलं.

इंजिनीअरबाईंनी खिडकीकडे बघितलं, डबीकडे बघितलं, कानसेनांकडे बघितलं.

"काका... जुन्या इमारतीत तुम्ही काय दाबता?"

"घंटाकृती. तिथल्या खिडक्या वरून गोल आहेत ना, कमानीच्या." मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी सावधपणे पुढे जोडलं, "मला सुरुवातीला वाटलंच, की हिला खिडकीशी काय करायचंय. पण मग म्हटलं, खोलीत आवाज घुमतो, बाहेर किती जातो याचा ती हिशेब धरत असेल. शहाण्या माणसांनी बनवलीय, उगाच नसेल विचारत."

बाई तिथल्याच एका लोखंडी पेटीवर बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती हे कळत होतं, तरी कानसेन कानकोंडे होऊन उभे राहिले. तीन वर्षं त्यांनी रोज सकाळी इमानेइतबारे खिडकीकडे बघून बटण दाबलं होतं. एकदा नव्या इमारतीची खिडकी दुरुस्तीला काढली होती, तेव्हा तर दोन दिवस काय दाबायचं म्हणून ते अडून बसले होते.

"माफ करा, काका," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "चूक तुमची नाही. हा शब्द ज्याने आपल्या भाषेत आणला त्याने एक ओळ समजावून लिहायला काय झालं होतं? बसा. कागद आहे?"

कागद होता. डबीला छोटा छापखाना जोडलेला होता. बाईंनी तीन नंबरच्या कंपनांची लाट एका लांब पट्टीवर छापून घेतली, वर खाली, वर खाली, आणि कात्रीने दोन्ही टोकांना कापली. मग ती पट्टी त्यांनी टेबलावरच्या चहाच्या मगाभोवती गुंडाळली.

"ही डबी एका बाबतीत भोळी आहे. तिला आपण आठ सेकंदांचा तुकडा देतो. ती धरून चालते, की हाच तुकडा संपला की पुन्हा हाच सुरू होतो. असाच, गोल गोल, कायम. आता जोड बघा."

कानसेनांनी चष्मा सारखा केला. पट्टीच्या एका टोकाला लाट वर होती, दुसऱ्या टोकाला खाली. जिथे टोकं भेटत होती तिथे एकदम पायरी पडली होती.

"ही पायरी मोटरमध्ये आहे?" बाईंनी विचारलं.

"छे. ती कात्रीने पाडली."

"पण डबीला कुठे ठाऊक? तिच्या लेखी ती पायरीही आवाजच. आणि एका साध्या सुरातून अशी पायरी होत नाही, म्हणून ती आजूबाजूचे सगळे सूर थोडे थोडे घालून हिशेब जुळवते. त्यामुळे जो सूर मोठा आहे तो शेजारच्या जागांवर सांडतो. तुमचा हा पायथा म्हणजे तो सांडलेला आवाज. आता त्या पायथ्यात एखादी बुटकी रेघ असेल तर?"

"गडप," कानसेन म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "आणि मग करायचं काय? बरोब्बर जुळेल तिथेच कापायचं?"

"कुठे जुळेल हे आधी कसं कळणार? मोटर काय आपल्याला सांगून फिरते? म्हणून दुसरी युक्ती करतात. तुकड्याची दोन्ही टोकं निमवायची. सुरुवातीला आवाज शून्य, हळूहळू वाढवत मधे पूर्ण, मग हळूहळू पुन्हा शून्य. घंटेसारखा आकार. मग जोड शून्याशी शून्याचा. पायरी राहीलच कशी? या आकाराला खिडकी म्हणतात, कारण अख्ख्या आवाजातला तेवढाच तुकडा आपण तिच्यातून बघतो. आणि आयताकृती म्हणजे काहीच न निमवता कचकन कापलेला."

मगाभोवतीची पट्टी कानसेनांनी बोटाने फिरवली. मग हळूच म्हणाले, "मध्येच हात लावलास तर तुझ्या हाताचा आवाज ऐकशील."

"काय?"

"आत्या म्हणायची. कप वाजवला की त्याचा त्याला संपू द्यायचा." त्यांना एकदम भरून आलं. चौथी शिकलेली बाई, गोदामात पेंढ्यात बसून काडीने कप वाजवणारी, आणि ती जे सांगत होती तेच ही एवढी शिकलेली मुलगी कागद कापून सांगत होती. आत्या असती तर तिला त्यांनी आजच्या आज इथे आणून बसवलं असतं. पण भरून आलं तरी डोक्यातला किडा स्वस्थ बसतोय थोडाच! "पण टोकं निमवली तर तिथलं खरं ऐकणंही वाया जातं की."

"जातं ना. आणि रेघ थोडी जाडही होते. फुकट काही मिळत नाही, काका. पण सांडायचं थांबतं. दाबा आता, घंटाकृती."

कानसेनांनी चौकटीच्या खिडकीकडे पाठ केली आणि घंटाकृती दाबलं. आठ सेकंद. मग डबीने थोडा विचार केला आणि आलेख काढला.

पायथा नव्हता. मधे ती उंच रेघ काठीसारखी सरळ उभी होती, आणि तिच्या डाव्या-उजव्या अंगाला, सारख्याच अंतरावर, दोन बुटक्या रेघा. इतक्या बुटक्या, की कालपर्यंत त्या दिसल्या नसत्या.

"अंतर किती?" कानसेनांनी विचारलं.

बाईंनी पडद्यावर बोट सरकवलं. "सेकंदाला एक आणि एक तृतीयांश."

कानसेनांनी बोटांवर हिशेब केला. एक आणि एक तृतीयांश, गुणिले साठ. त्यांनी तो पुन्हा केला, कारण पहिल्या वेळी त्यांचा विश्वास बसेना. ऐंशी.

मोटर दोन दिवसांनी उघडली. बाईंनी आधीच सांगितलं होतं, की अशा जोडरेघा आल्या तर मधल्या फिरत्या भागातल्या दांड्या तुटलेल्या असतात. दोन तुटलेल्या निघाल्या, तिसरीला तडा. आणखी महिनाभर चालली असती तर चालू मोटर आतून फाटली असती आणि अर्धं शहर कोरडं पडलं असतं. कार्यालयातून फोनवर फोन आले. नव्या इमारतीतल्या सगळ्या मोटरींच्या नोंदी घंटाकृती खिडकीने पुन्हा घ्यायचं ठरलं. डबीच्या वहीत बाईंनी एक नवा रकाना आखला, "खिडकी", आणि त्यात प्रत्येक नोंदीपुढे कोणती खिडकी लावली ते लिहायची सक्ती केली. चावीघराचं पत्र मागे घ्यायला त्यांनी शिफारस लिहिली. पंपघरात कानसेनांची कॉलर ताठ झाली. खिडकीचा किस्सा तेच रंगवून सांगू लागले, दुसरं कुणी सांगायच्या आत. जिना चढण्याचंही सगळ्यांना कौतुक.

एक तारखेला दुरुस्त मोटर बसवून सुरू केली. सगळे जमले होते. डबीने आलेख काढला. एकच रेघ, दोन्ही अंगांना स्वच्छ जागा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता खरा दाखला," बाई म्हणाल्या. "काका, ऐकून सांगता?"

कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. मूठ हाडाला, दुसऱ्या कानात बोट, डोळे बंद. हुंकार आला, भरीव, सलग, तुळतुळीत. ऐंशीचा ठोका गेला होता. ते ऐकत राहिले, कारण सुख वाटत होतं.

आणि त्या सलग हुंकारावर, पुसट, अगदी पुसट, एक ठोका होता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या कानातलं बोट काढून त्यांनी मनगटावर ठेवलं. ठोका आणि बोटाखालची नाडी, दोन्ही एकदमच पडत होते. त्यांनी मोजलं. शहात्तर. मोटर कसली, ते स्वतःच होते.

म्हणजे दोन होते. एक मोटरचा ऐंशीचा, एक त्यांचा शहात्तरचा, एकमेकांना इतके चिकटून, की मोठ्यापुढे बारीक दिसलाच नव्हता. जिना चढून आल्यावर बारीक ठोक्याने वेग घेतला होता, तो वेगळा झाला होता, फडफडला होता, आणि त्यांनी तो ऐकूनही लिहिला नव्हता. डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

"काका?" बाईंनी विचारलं. "कशी आहे?"

सगळे बघत होते. "उत्तम" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच काम होतं. शिफारस कार्यालयात पोचली होती, तिचं उत्तर येईपर्यंतच फेरी चालू होती. त्यांना फेरी हवी होती, चावीघर नको होतं, आणि हे दोन्ही त्यांना त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. पण तडा ऐकू आलेला कप आत्याने कधी चांगल्या कपांत ठेवला नव्हता.

"मोटर स्वच्छ आहे," ते म्हणाले. "एक बारीक ठोका अजून येतोय, शहात्तरचा. तो माझा आहे. आधीही होता. जिना चढलो त्या दिवशी मला तो ऐकू आला होता, मी लिहिला नाही. वही द्या."

बाईंनी वही पुढे केली. कानसेनांनी तारीख लिहिली, पंप क्रमांक तीन लिहिलं, "ऐकून घेतलेली नोंद : मोटर स्वच्छ" असं लिहिलं. पुढे तो नवा रकाना होता. पेन क्षणभर थांबलं. सवयीने त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या गजाच्या खिडकीकडे बघितलं, आणि त्यांना हसू आलं. मग खाली वाकून त्यांनी सावकाश लिहिलं :

"खिडकी : फिटरचा कान, वय अठ्ठावन्न. वरची पट्टी यातून येत नाही. एक ठोका स्वतःचा, तो वजा धरावा."

बाईंनी ते दोनदा वाचलं. पेन मागून घेतलं, वर रकान्याच्या मथळ्यापाशी लिहिलं, "श्रवण-फेरीच्या प्रत्येक नोंदीला असंच भरावं", आणि खाली सही केली. मग त्या म्हणाल्या, "चला काका, चार नंबर."